एका वाडग्यात चार कप्पे: हाँगकाँगच्या वजडी-नूडल सूपची पारख

न्गाव-जाप मिन चांगली की वाईट, हे ठरवायला नुसता रस्सा चाखून भागत नाही. हाडं, सोया सॉस आणि मसाल्यांच्या जोरावर रस्सा बऱ्याच जणांना जमतो. खरी परीक्षा वजडीची. कँटनीज भाषेत ‘न्गाव’ म्हणजे गुरं, ‘जाप’ म्हणजे सरमिसळ आणि ‘मिन’ म्हणजे नूडल्स. वाडग्यात जठराचे वेगवेगळे कप्पे, आतडं, फुप्फुस असं सगळं एकत्र येतं आणि यातल्या प्रत्येकाचा शिजण्याचा वेळ वेगळा असतो. जे दुकान प्रत्येक भाग त्याच्या त्याच्या वेळेला भांड्यातून बाहेर काढतं, तिथे दर घासाला दातांखाली काहीतरी निराळं येतं. जे सगळं एकदम टाकून एकदम उपसतं, तिथे अर्धा वाडगा वातड आणि अर्धा लगदा.

मत आधीच सांगून टाकतो. मध्य हाँगकाँगच्या गल्ल्यांत आणि काउलूनच्या जुन्या वस्त्यांत साध्या दुकानांवर मिळणारा हा वाडगा शहरातल्या सर्वांत चोख जेवणांपैकी एक आहे. साध्या दुकानात तो साधारण ४० ते ६० हाँगकाँग डॉलरला मिळतो, आणि मागच्या मेहनतीचा विचार केला तर हे पैसे कमीच वाटतात. मात्र डोळे मिटून मागवण्यासारखा हा पदार्थ नाही. कोणता कप्पा, कोणत्या नूडल्स, दिवसाची कोणती वेळ, या तिन्हींवर तो तरतो किंवा बुडतो.

गुरांचं जठर चार कप्प्यांचं असतं. पहिला आणि सर्वांत मोठा कप्पा म्हणजे छोउ-थोउ, शब्दशः ‘गवताचं पोट’. आतली बाजू जाड टॉवेलसारखी, बारीक लव असलेली. हा कप्पा जाडजूड, स्नायूंचा, चवीला सगळ्यांत ‘मांसल’. नीट शिजला की दात सहज आत जातो, पण शेवटी किंचित अडतो; तो अडसर हवाच. यासाठी मंद आचेवर अडीच ते तीन तास लागतात. घाई करणारं दुकान इथे लगेच उघडं पडतं, कारण दीड तासात छोउ-थोउ बाहेरून शिजल्यासारखं दिसतं आणि तोंडात मात्र चामड्यासारखं चिवट लागतं.

दुसरा कप्पा गम-छिन-थोउ, म्हणजे ‘नाण्यांचं पोट’. मधमाशीच्या पोळ्यासारखी षटकोनी घरं जुन्या नाण्यांसारखी दिसतात, म्हणून हे नाव. दिम-सुमच्या, म्हणजे चहासोबतच्या छोट्या छोट्या पदार्थांच्या, उपाहारगृहांत वाफवून देतात ती वजडी बहुतेक हीच. सूपमध्ये तिचं काम वेगळं: प्रत्येक घरात रस्सा साठतो आणि चावला की तोंडात सुटतो. दीड ते दोन तास पुरतात. त्यापुढे भिंती मऊ पडून घरं मिटतात, मग रस्सा धरायला जागाच उरत नाही. वाडगा आला की आधी हे पाहावं. घरं उभी आणि उघडी असतील तर भांड्यावर लक्ष ठेवणारा माणूस आहे असं समजायला हरकत नाही.

तिसरा, न्गाव-पाक-यिप. पानांची चळत असावी तसे शेकडो पातळ पदर. हा कप्पा सगळ्यांत जास्त बिघडवला जातो, कारण त्याच्या बाबतीत मधला रस्ताच नाही. पातळ कापून उकळत्या पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवला तर करकरीत. तासाभराहून जास्त शिजवला तर मऊ आणि रसदार. या दोन टोकांच्या मध्ये कुठेही थांबलं की रबर. चीनमधल्या चोंगछिंग शहराच्या हॉटपॉटमध्ये, म्हणजे टेबलावरच उकळत ठेवलेल्या रश्श्यात, हाच कप्पा चॉपस्टिकमध्ये धरून ‘सात वेळा वर, आठ वेळा खाली’ करतात, तो नेमका हा पंधरा सेकंदांचा हिशोब आहे. हाँगकाँगच्या नूडल दुकानात मात्र बहुतेक वेळा तो इतर भागांसोबत मोठ्या भांड्यात शिजतो. म्हणून चांगलं दुकान एकतर त्याला पूर्ण वेळ देतं, नाहीतर कच्चा बाजूला ठेवून मागणी आल्यावर बुडवून घालतं. दोन्ही चालतं. विचारायला संकोच करू नये.

चौथा सा-ग्वा, गुळगुळीत आणि घड्या पडलेला. सव्वा-दीड तासात मऊ होतो, वास मात्र चारांत सर्वांत उग्र. ताजा असेल तर या वाडग्यातली सर्वांत खोल चव त्याची. शिळा असेल तर एक तुकडा अख्खा रस्सा नासवतो. सगळ्या दुकानांत तो ठेवतही नाहीत. जिथे ठेवतात आणि तो स्वच्छ लागतो, तिथे बाकीचं सगळं निर्धास्तपणे मागवावं.

आता पांढरेपणाबद्दल, कारण इथे बऱ्याच खाणाऱ्यांचा गैरसमज असतो. पाक-यिपचा नैसर्गिक रंग काळपट, हिरवट-करडा असतो. शुभ्र पाक-यिप म्हणजे वरची काळी त्वचा गरम पाण्यात किंवा क्षारात सोलून काढलेली, आणि पुष्कळदा रसायनाने उजळवलेली. शुभ्र म्हणजे जास्त स्वच्छ असं अजिबात नाही. क्षार जास्त झाला की वजडी फुगते, काचेसारखी अर्धपारदर्शक दिसते, जिभेवर साबणासारखी निसटते आणि चव शून्य. हाँगकाँगमध्ये जिवंत गुरं मुख्यभूमीतून येतात आणि श्युंग-श्वीच्या कत्तलखान्यात कापली जातात, पण ताजं बीफ महाग पडतं. त्यामुळे गोठवलेली, आधीच उकळलेली आणि उजळवलेली वजडी वापरणारी दुकानं बरीच आहेत. गोठवलेली वजडी वाईटच असते असं नाही. छोउ-थोउ आणि गम-छिन-थोउ गोठवणं बऱ्यापैकी सहन करतात. आतडं, फुप्फुस आणि सा-ग्वा करत नाहीत.

धुण्याचं काम शिजवण्याइतकंच मोठं. ताजं छोउ-थोउ साधारण ६५ ते ७० अंश सेल्सिअसच्या पाण्यात बुडवून आतली काळी लव खरवडून काढतात. पाणी उकळतं असेल तर ही त्वचा सुटण्याऐवजी घट्ट चिकटते आणि मग सुरीने खरवडताना वजडी फाटते. त्यानंतर जाड मीठ आणि पीठ लावून चोळायचं, धुवायचं, पुन्हा चोळायचं. पीठ चिकट थर उचलतं, मीठ घासण्याचं काम करतं. फुप्फुसाची तऱ्हा निराळी: श्वासनलिकेतून नळाचं पाणी भरायचं, फुप्फुस फुगलं की दाबून रिकामं करायचं, गुलाबी पाणी थांबून ते पांढुरकं होईपर्यंत. हे अर्धवट सोडलं तर शिजल्यावर फुप्फुसात राखाडी गुठळ्या दिसतात आणि रस्सा गढूळ होतो. आतड्यावरची चरबी सगळी काढून टाकायची नसते. थोडी राहिली तरच आतडं गोडसर लागतं. पूर्ण सोललेलं आतडं म्हणजे नुसती रबरी नळी.

मग ‘फेई-सोई’. थंड पाण्यात आल्याच्या चकत्या आणि वजडी घालून उकळी आणायची, पाच-सात मिनिटं उकळायचं, पाणी फेकून द्यायचं, वजडी थंड पाण्याखाली धुवायची. थंड पाण्यापासून सुरुवात करायची ती एवढ्यासाठी, की पाणी तापत जाताना आतली मळी हळूहळू बाहेर येते. एकदम उकळत्या पाण्यात टाकलं तर बाहेरचा भाग आवळतो आणि वास आतच अडकतो. ही पायरी कोणी टाळली असेल तर रश्श्याच्या पहिल्याच घोटात कळतं. गोठ्याचा वास मिरपुडीने झाकत नाही.

शिजवण्याचा रस्सा दोन घराण्यांचा. एक स्वच्छ, बीफच्या हाडांचा, पांढऱ्या मिऱ्यांचा आणि छान-फेईचा. छान-फेई म्हणजे वर्षानुवर्षं वाळवलेली मँडरिन संत्र्याची साल. ग्वांगदोंग प्रांतातल्या शिनह्वीची सर्वांत नावाजलेली. दुसरं घराणं छू-हाउ सॉसचं. फोशान शहराचं नाव या सॉसशी जोडलेलं आहे; सोयाबीन, लसूण आणि तीळ यांचा दाट, तपकिरी, गोडसर मसाला. वजडीला आमच्या मते हेच घराणं शोभतं. स्वच्छ रस्सा न्गाव-नामसाठी, म्हणजे बीफच्या पोटाकडच्या मांसासाठी उत्तम, कारण त्या मांसाची स्वतःची चव दाट असते. वजडीची चव मुळात सौम्य. तिला आंबवलेल्या सोयाबीनचा आधार लागतो. पुष्कळ दुकानं दोन्हींचा मेळ घालतात: वजडी छू-हाउच्या भांड्यात शिजवतात, नूडल्सवर हाडांचा स्वच्छ रस्सा ओततात आणि वरून दाट रस्सा पळीभर सोडतात. वाडग्याच्या कडेला स्वच्छ आणि मध्ये तपकिरी असा तो आला की ढवळण्याआधी दोन्ही बाजूंचा एकेक घोट घ्यावा.

प्रमाणाचा अंदाज हवा असेल तर असा: साफ केलेली एक किलो मिश्र वजडी, तीन लिटर पाणी, ५० ग्रॅम ठेचलेलं आलं, तीन मोठे चमचे छू-हाउ, लाल आंबवलेल्या टोफूचा एक तुकडा, २० ते २५ ग्रॅम खडीसाखर, छान-फेईचा एका फळाच्या पाव भागाएवढा तुकडा, दोन चक्रीफुलं, बोटभर दालचिनी, मसाला वेलचीच्या कुळातलं एक त्साओ-को ठेचून, ज्येष्ठमधाच्या दोन चकत्या. सॉस आणि टोफू आधी तेलात आल्याबरोबर परतायचे. कच्चा घातलेला छू-हाउ शेवटपर्यंत पिठूळ लागतो. साल भिजवून आतला पांढरा थर खरवडायचा, नाहीतर कडवटपणा येतो. चक्रीफूल तीनचार घातलं की रश्श्याला खोकल्याच्या औषधाचा वास येतो. ही चूक दुकानांतही सर्रास होते. सोया सॉस शेवटच्या अर्ध्या तासात, कारण रस्सा आटत जातो आणि सुरुवातीलाच बेतशीर वाटणारं मीठ तीन तासांनी तोंडात धरवत नाही.

क्रम महत्त्वाचा. आधी छोउ-थोउ; तासाभराने गम-छिन-थोउ, आतडं आणि दीर्घ शिजवायचं असेल तर पाक-यिप; त्यानंतर सा-ग्वा आणि फुप्फुस. आच इतकीच की पृष्ठभाग थरथरेल, उसळणार नाही. वजडीतलं कोलॅजन विरघळून जिलेटिन व्हायला वेळ लागतो. खदखदा उकळलं म्हणून ते लवकर होत नाही, उलट स्नायू आवळून कोरडे पडतात. आच बंद केल्यावर तासभर रश्श्यातच मुरू द्यायचं. चव आत शिरते ती याच तासात. जी दुकानं वजडी शिजल्याबरोबर उपसून ताटात रचून ठेवतात, त्यांच्याकडे तुकड्याच्या कडा सुकलेल्या आणि आत चव नाही, असं हमखास होतं. दुकानाच्या काचेमागे कोरड्या वजडीचा ढीग दिसला तर पुढचं दुकान गाठावं. वजडी रश्श्यात बुडलेली असावी आणि मागणी आल्यावर कात्रीने कापली जावी. कात्री का? गरम, निसरडी वजडी फळीवर सुरीने कापायला घेतली की सरकते आणि तिच्यातला रस फळीवर सांडतो. कात्रीने ती वाडग्यावरच कापता येते, रस वाडग्यातच पडतो. तुकडा तीनचार सेंटिमीटरचा. त्याहून लहान केला तर चावायला काही उरत नाही.

मुळ्याकडे दुर्लक्ष करू नका. ग्वांगझौच्या रस्त्यांवर मुळा आणि न्गाव-जाप यांची जोडी नूडल्सशिवायच विकली जाते, वर तिखट आणि गोड सॉस घालून. आणि तिथले कित्येक जण मुळ्यासाठीच थांबतात. पांढरा मुळा जाड सोलायचा, कारण सालीखालचा दोरकट थर कितीही शिजवला तरी दोरकटच राहतो. मोठे तुकडे, वेगळे उकळून, मग वजडीच्या रश्श्यात ३० ते ४० मिनिटं. बरोबर शिजलेला मुळा चॉपस्टिकने उचलला तर तुटत नाही, दाबला तर तुटतो. त्याच्या मध्यापर्यंत तपकिरी रंग पोहोचलेला असावा. बाहेर तपकिरी आणि आत शुभ्र असेल तर तो घाईत घातलेला आहे. तळाशी विरघळत असेल तर सकाळपासून भांड्यातच आहे.

नूडल्सची निवड हा या वाडग्याचा कच्चा दुवा. सवयीने लोक याउ-मिन मागवतात, म्हणजे वॉन्टन सूपमध्ये असतात त्या बारीक अंड्याच्या नूडल्स. त्या पिठात पापडखारासारखा क्षार असतो; त्यानेच पिवळा रंग आणि लवचीक ताठरपणा येतो. अर्धा मिनिट उकळून, ‘ग्वो-लांग-हो’ म्हणजे ‘थंड नदी ओलांडून’, थंड पाण्यात खंगाळून, पुन्हा क्षणभर गरम पाण्यात बुडवून वाडग्यात घालतात. खंगाळणं टाळलं तर क्षाराचा उग्र दर्प छू-हाउच्या रश्श्यात आणखी ठळक होतो. शिवाय वजडी चावायला वेळ लागतो आणि तेवढ्यात बारीक नूडल्स रस्सा पिऊन फुगतात. निम्म्या वाडग्यापर्यंत पोहोचेस्तोवर त्यांचा लगदा झालेला असतो. म्हणून आमची शिफारस हो-फनची: तांदळाच्या रुंद, गुळगुळीत पट्ट्या. क्षार नाही, स्वतःची चव सौम्य, आणि दाट रस्सा पट्टीला लपेटून येतो. गव्हाच्याच हव्या असतील तर रुंद छोउ-मिन. तळून वाळवलेल्या यी-मिनला स्पंजसारखी जाळी असते. ती रस्सा भरपूर शोषते, पण तेलकट वजडीबरोबर ती जड पडते. मध्य हाँगकाँगमधल्या गॉफ स्ट्रीटवरचं काउ-की हे प्रसिद्ध दुकान यी-मिन करीच्या रश्श्यातल्या स्नायुबंधांसोबत देतं, तिथे ती शोभते. वजडीसाठी तिथून थोड्या अंतरावरच्या गल्लीतलं श्वी-की हे उघड्यावरचं दुकान जास्त ओळखलं जातं. भिंतीलगत टपरी, बाहेर घडीची टेबलं, आणि माल संपला की दिवस संपला.

अशा ठिकाणी बसताना टेबल अनोळखी लोकांसोबत वाटून घ्यावं लागतं. त्याला ‘दाप-थोई’ म्हणतात आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. मागवताना दोनचार शब्द पुरतात. कांदापात-कोथिंबीर नको असेल तर ‘जाउ-छेंग’. नूडल्स जास्त हव्या असतील तर ‘गा-दाई’. रस्सा वेगळा आणि नूडल्स सुक्या हव्या असतील तर ‘लोउ-मिन’. वजडीबरोबर हा प्रकार खरोखर चांगला लागतो, कारण नूडल्स भिजत पडत नाहीत. फक्त छोउ-थोउ आणि गम-छिन-थोउ हवं असेल तर बोटाने दाखवावं. पहिल्यांदा खाणाऱ्याने हेच दोन कप्पे आणि मुळा मागवावा. फुप्फुस आणि आतडं दुसऱ्या खेपेला.

वेळ अकरा ते दोनची. सकाळी अगदी लवकर गेलं तर छोउ-थोउ अजून पुरतं मुरलेलं नसतं. संध्याकाळी भांडं दिवसभर आचेवर राहिल्याने रस्सा खारट, दाट आणि मुळा मोडलेला. काही दुकानं तेव्हा गरम पाणी ओततात, मग रस्सा ना दाट ना स्वच्छ. टेबलावरचं तिखट तेल लगेच घालू नये. आधी पांढऱ्या मिऱ्यांची चिमूट, निम्मं संपल्यावर तेल, तेही वाडग्यात न घालता चमच्यात घेऊन, वजडी त्यात बुडवून. रस्सा शेवटपर्यंत पिणं गरजेचं नाही: त्यात मीठ भरपूर असतं, आणि युरिक अ‍ॅसिडचा त्रास असणाऱ्यांनी तर तो सोडूनच द्यावा.

उणीवही सांगायलाच हवी. दुकानागणिक, आणि एकाच दुकानात दिवसागणिक, वजडीचा दर्जा फार बदलतो. तैवानच्या बीफ-नूडल दुकानांतला ‘तीन रत्नं’ वाडगा, म्हणजे मांस, स्नायुबंध आणि वजडी, या बाबतीत जास्त भरवशाचा. पण तिथे वजडी पाहुणी असते. हाँगकाँगच्या वाडग्यात ती यजमान आहे, म्हणून जोखीमही तिचीच.

घरी न्यायचा असेल तर रस्सा आणि नूडल्स वेगळ्या बांधून मागाव्यात. कोणतंही दुकान देतं. घरी पोहोचल्यावर रस्सा आणि वजडी एकत्र, मंद आचेवर, पहिली वाफ येईपर्यंतच गरम करायची. हो-फन फ्रीजमध्ये ठेवू नये, तुटते. उकळत्या पाण्यात दहा सेकंद बुडवून सरळ वाडग्यात घालावी आणि वरून रस्सा ओतावा. मायक्रोवेव्हमध्ये गम-छिन-थोउ कधीही घालू नये, घरांतलं पाणी आधी उकळतं आणि भिंती आखडून कडक होतात.